माझ्या पोटातले बेचाळीस ड्रायव्हर

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि तुमच्याशी बोलायची मला मुळीच हौस नाही. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, शाळेचा फळा अशी बरीच मंडळी आजवर तुम्हाला आपापली दुःखं सांगून गेली असतील. सांगता सांगता त्यांचा कंठ दाटून आला असेल आणि तुम्हाला दहापैकी आठ गुण मिळाले असतील. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मला कंठ नाही. पंखा आहे, तो घरघरतो, पण त्याचं कारण दुःख नसून केस आहेत. नऊ वर्षांत ते कुणी काढलेले नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडच्या चार दुकानांतून माझे अवयव गोळा करून कृणाल नावाच्या तरुणाने मला भांडुपच्या घरी, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जोडलं. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला हे कृणालला अजून कळलेलं नाही. मला माहीत आहे. सांगणार नाही.

तेव्हा माझं फार कौतुक झालं. माझ्या पोटात लाल दिवे होते. कृणालचे मित्र यायचे, काचेला नाक लावून बघायचे आणि "झकास आहे यार!" म्हणायचे. कृणालची आई मंजुळाबाई, तिला मात्र माझं सामर्थ्य पहिल्याच आठवड्यात नेमकं कळलं. माझ्या पाठीमागून गरम हवा येते, आणि त्या हवेवर भिजवलेल्या कुळथांना एका दिवसात मोड येतात, हा शोध तिचा. लोक ज्याला गेमिंग मशीन म्हणत होते, ते त्या घरात बराच काळ कुळथाचं पाळणाघर होतं.

कृणालने माझ्यावर पाच वर्षं गोळीबार केला. जिंकला तर म्हणे, "मी जिंकलो," आणि हरला तर म्हणे, "मशीन स्लो आहे." पुढे त्याचं रुचिकाशी लग्न झालं, दोघं मुलुंडला राहायला गेली, आणि तिथे त्याने माझ्याहून जास्त दिवे असलेला एक नवा डबा घेतला. मला न्यायचा विषयही निघाला नाही. जाताना त्याने माझ्यावर टॉवेल टाकला. मेलेल्या माणसावर निदान पांढरा टाकतात. हा पिवळा होता आणि त्यावर बदकं होती.

तो टॉवेल उचलला कृणालच्या बाबांनी, तुळशीदासांनी.

तुळशीदास म्हणजे गिरणीतला माणूस. विसाव्या वर्षी साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर घरी. असं वर्षभर केलं आणि मग संप झाला. संप मिटल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. पुढे त्यांनी चाळीस वर्षं इतर लोकांच्या इमारतींच्या गेटवर वॉचमनचा डगला घालून काढली आणि निवृत्त झाले. निवृत्त माणसाला घरात जागा सापडत नाही. तुळशीदासांना माझ्यासमोरची खुर्ची सापडली.

कृणालने मुलुंडहून एक जुनं स्टिअरिंग आणून दिलं आणि मालवाहतुकीचा एक खेळ लावून दिला. त्यात आपण ट्रक चालवायचा, माल पोचवायचा, हळूहळू आपली कंपनी काढायची आणि ड्रायव्हर नेमायचे. कृणालला वाटलं, बाबा आठ दिवस खेळतील. बाबा खेळलेच नाहीत. ते कामावर जाऊ लागले. सकाळी सात ते साडेतीन, पहिली पाळी. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. स्वयंपाकघर चार पावलांवर, तरी डबा भरून माझ्याशेजारी ठेवायचे आणि अकराच्या सुट्टीलाच उघडायचे. रात्रपाळी कधी केली नाही, सिग्नल कधी तोडला नाही. मी ज्या वेगासाठी जन्मलो, त्याचा चौथा हिस्साही त्यांनी मला पळू दिला नाही. माझ्यासारख्या यंत्राचा यापेक्षा मोठा अपमान नसतो, पण तो राहू द्या.

त्यांच्या कंपनीत ड्रायव्हर होते बेचाळीस. खेळाने त्यांना परदेशी नावं दिली होती. तुळशीदासांनी ती खोडून साचेखात्यातल्या माणसांची घातली. यशवंत पेडणेकर, बाबल्या, भिकाजी मुकादम, दोन पांडू. एकेक नाव आठवायला त्यांना चार-चार दिवस लागत. शेवटची तीन नावं या गणपतीत गावी गेल्यावर सापडली, त्यातलं एक लवू घाडी. संपानंतर गावी गेलेला हा लवू गेल्या पावसात वारला, असं त्यांना गावच्या चढणीवरच्या टपरीत चहा पिताना कळलं. परत आल्या दिवशी त्यांनी लवूला कामावर घेतलं आणि निळा ट्रक दिला.

लवू नवशिका. खेळ रोज सकाळी एक चौकट दाखवायचा: हा ड्रायव्हर तोट्यात आहे, काढून टाकायचा का? तुळशीदास रोज सकाळी 'नाही' दाबायचे. दाबताना खेळाला एक शिवीही द्यायचे. ती इथे छापता येणार नाही, पण तिच्यात मालकाच्या सासुरवाडीचा उल्लेख असायचा.

असं चाललेलं असताना सप्टेंबरात माझ्या पडद्यावर दुसरी एक चौकट येऊ लागली. माझ्या आत जी विंडोज प्रणाली होती तिचे दिवस भरले होते. ऑक्टोबरच्या चौदा तारखेनंतर तिची डागडुजी बंद, आणि नवीन विंडोजला माझा मेंदू चालणार नव्हता. रविवारी कृणाल आला, त्याने ती चौकट वाचली आणि जेवायच्या आधीच बोलून मोकळा झाला.

"बाबा, हा डबा काढायला लागेल."

"कशाक?"

"जुना झाला. चौदा तारखेनंतर सेफ नाही."

"माका बीपी असा. मीय सेफ नाय. माका पण काढ."

"बाबा, ऐका ना. भंगारवाला घरी येऊन नेतो. मी तुम्हाला दुसरा..."

"मशीन जुनी झाली, आता काढूक होयी," तुळशीदास म्हणाले, "ह्यां वाक्य मी आधी आयकलंय. गिरणीच्या गेटार उभो ऱ्हवान."

"झालं! आली गिरणी! दुधात माशी पडली तरी मालकानेच टाकली!"

"मेल्या, दूध तरी मालकाचा होता. तुझ्या घरात काय असा? पावडर!"

मंजुळाबाईने दोघांच्या पानात एकदम भात वाढला. तोंड बंद करायचा तिचा तो मार्ग आहे. कृणाल भात गिळून म्हणाला, "ठीक आहे. लिनक्स टाकतो मग. जुन्या मशीनवर चालतं, फुकट आहे, कुणाच्या मालकीचं नाही. आता यात तरी मालक काढू नका."

"मालक नाय?" तुळशीदासांचा घास थांबला. "मग पगार कोण देता?"

"कोणी नाही. लोक आपखुशीने बनवतात. त्याचं चिन्ह पेंग्विन आहे."

"राणीच्या बागेत असतत ते?" मंजुळाबाई म्हणाली. "त्यांका एसी लागता. आमच्याकडे नाय हां एसी, आधीच सांगतंय."

मित्रांनो, हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं. माझ्या पोटात कोण राहणार याची चर्चा, आणि मला विचारलं कुणी? कुणी नाही. भाडेकरूसुद्धा महिन्याची नोटीस देतो. शिवाय पक्षी, तोही न उडणारा.

"टाक," तुळशीदास शेवटी म्हणाले. "पण माझ्या माणसांका धक्को लागता नये. एक जरी कमी झालो, तर तुका ह्या घरात जेवण नाय."

"सगळं क्लाउडवर असतं, बाबा," कृणाल म्हणाला. "तुमची कंपनी खेळवाल्यांकडे आपोआप साठते. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

साठत नव्हती. चार वर्षांपूर्वी खेळाने विचारलं होतं की तुमची कंपनी आमच्याकडे सुरक्षित ठेवू का, आणि तुळशीदासांनी "माझी माणसां दुसऱ्याच्या गोदामात कशाक?" असं म्हणून 'नाही' दाबलं होतं. हे ते विसरले होते. मी विसरलो नव्हतो. बेचाळीसच्या बेचाळीस जण फक्त माझ्या पोटात होते. पण ज्याने माझ्यावर बदकांचा टॉवेल टाकला त्याला मी काय म्हणून सांगू?

कृणालला सुट्टी मिळाली ती नेमकी खंडेनवमीची. तुम्हाला माहीत असेल, त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. ज्याच्या हातचं जे हत्यार, ते धुऊन-पुसून मांडायचं, त्याला हळदकुंकू लावायचं आणि दिवसभर विसावा द्यायचा. मंजुळाबाईने विळी, कात्री आणि शिलाई मशीन मांडली होती. कृणाल दहाला आला, पेनड्राइव्ह लावला आणि पेंग्विनला आत घेतलं. पडद्यावर प्रश्न आला: सगळी डिस्क पुसून टाकायची का? आपण तिकिटामागच्या अटी वाचतो तेवढ्या बारकाईने कृणालने तो वाचला आणि 'हो' दाबलं. टक्के मोजणारी पट्टी सरकू लागली.

"कृणाल, झेंडू हाड जा रे खालसून," स्वयंपाकघरातून हुकूम आला.

"आलोच. बाबा, हे होईल आपोआप. वीस मिनिटं."

पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कारण मध्येच मी बंद झालो. पण मंजुळाबाईने ते शेजारच्या शुभाला माझ्यासमोर चौदा वेळा सांगितलं आहे, तेव्हा मजकूर पक्का समजा.

तुळशीदास अंघोळ करून तबक घेऊन आले. विळीला कुंकू लावलं, कात्रीला लावलं, शिलाई मशीनला लावलं. मग माझ्यापुढे आले आणि जागीच थबकले. मी चालू होतो. पंखा फिरतोय, दिवे लागलेत, पट्टी अकरा टक्क्यांवर. गिरणीत खंडेनवमीला साचे आदल्या संध्याकाळी पुसून बंद करत. चालत्या साच्याला कुंकू लावायला गेलेल्या एका मुकादमाचं बोट तुळशीदासांनी स्वतः रुमालात बांधून दवाखान्यात नेलं होतं. चालू यंत्राची पूजा करायची नसते, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं.

त्यांनी बोर्डाकडे जाऊन शांतपणे बटण बंद केलं. मग मला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

कृणाल झेंडू घेऊन आला तेव्हा मी कपाळाला कुंकू लावून काळाठिक्कर बसलो होतो.

"बंद कोणी केलं?"

"मी."

"का?"

"पूजा असा."

"अहो बाबा, मध्येच बंद करतात का! सगळं गंडतं!"

"मग तू चालू ठेवन गेलंस कशाक? खंडेनवमीक मशीन चालू? खंयच्या गिरणीत शिकलंस?"

"ही गिरणी नाहीये! हा कॉम्प्युटर आहे!"

"आवाज खाली. कुंकू लावलेला असा तेका."

बटण लावलं तर पडद्यावर एक पांढरी ओळ आली, की सुरू करण्यासारखं इथे काही नाही. विंडोज गेली होती, पेंग्विन पुरता आला नव्हता. कृणाल म्हणाला, "जाऊ दे, पहिल्यापासून करतो, क्लाउडवर आहे सगळं," आणि खात्री करायला त्याने मोबाइलवर बाबांचं खातं उघडलं. बघितलं. पुन्हा उघडलं. पुन्हा बघितलं.

"काय झाला?" मंजुळाबाईने विचारलं. "चेहरो असो कित्याक केलंस?"

"बाबा, इथे काहीच नाहीये. तुम्ही साठवणं बंद केलं होतं?"

तुळशीदासांना तेव्हा आठवलं.

"किती गेले?"

"सगळे."

"सगळे म्हंजे बेचाळीस?"

शिव्यांची मी वाट बघत होतो. मालकाची सासुरवाडी तरी येईलच असं वाटलं होतं. पण तुळशीदासांनी माझ्याशेजारी सवयीने ठेवलेला डबा उचलला, स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला आणि तिथूनच म्हणाले, "चाळीस वर्षां मालकाक शिव्या घातलंय मी. आणि स्वीच बंद केलंय माझ्याच हातान."

यावर मंजुळाबाईकडे भात नव्हता.

कृणालने रुचिकाला फोन लावला. ही त्याची बायको, एका कंपनीत सर्व्हर सांभाळते, म्हणजे दिवसभर पेंग्विनांच्यातच असते. नवऱ्याने हे काम तिला न सांगता आपलं आपण करायला घेतलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"किती टक्क्यांवर बंद झालं?"

"अकरा," तुळशीदास ओट्याजवळून म्हणाले.

"नंतर तू काय केलंस?"

"काही नाही. आता परत सुरू करत होतो."

"हात मागे घे."

"अगं पण..."

"कृणाल, दोन्ही हात मागे घे आणि बाजूला हो. त्या मशीनवर आता एक अक्षर जरी लिहिलंस ना, तर मुलुंडला येऊ नकोस. आईंकडेच राहा."

"हंय नको," मंजुळाबाई म्हणाली.

अर्ध्या तासात रुचिका रिक्षाने आली. चपला काढता काढताच तिने सासऱ्यांना सांगितलं ते तुम्हीही ऐकून ठेवा, उपयोगी आहे. डिस्क पुसली म्हणजे आधी फक्त अनुक्रमणिका फाटते. पुस्तकाची पानं तशीच असतात. त्या पानांवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग खरं पुसलं जातं.

"अकरा टक्क्यांवर थांबलं म्हणून आशा आहे," ती म्हणाली. "पूर्ण होऊ दिलं असतं तर बरीच पानं गेली असती. बाबा, तुम्ही बटण बंद केलंत म्हणून. हे महाशय शंभर टक्के करून झेंडू निवडत बसले असते."

कृणाल खरोखरच झेंडू निवडत बसला होता. त्याने ते खाली ठेवले.

रुचिका मला चालू करायला वाकली, तेवढ्यात मंजुळाबाई आडवी आली. "आज मशीन चालवची नाय. पूजा झाली तेची."

सगळे तुळशीदासांकडे बघू लागले. नियम त्यांचाच होता. त्यासाठी त्यांनी आत्ताच बेचाळीस माणसं घालवली होती. त्यांनी माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं.

"दवाखानो खंडेनवमीक बंद नसता," ते म्हणाले. "लाव बटण."

रुचिकाने पेनड्राइव्हवरून पेंग्विनला नुसतं दारात उभं केलं, आत पाऊल टाकू दिलं नाही, आणि माझ्या पोटातलं एकेक पान वाचून बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतलं. हे पाच तास चाललं. मला कसं वाटलं असं कुणी विचारत असेल तर त्याने आपल्या पोटात हात घालून घ्यावा. पानं मिळत होती, पण नावं नसलेली, नुसते आकडे. साडेतीनला पहिली पाळी सुटायची वेळ झाली तरी तुळशीदास उठले नाहीत. चारच्या सुमाराला एक फाइल उघडली.

"कंपनी आहे," रुचिका म्हणाली. "पण जुनी. नारळी पौर्णिमेची."

तुळशीदासांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. यशवंत पेडणेकर. बाबल्या. भिकाजी मुकादम. दोन्ही पांडू. मोजताना ते प्रत्येकाला "हां" म्हणत होते, हजेरी घेतल्यासारखं.

एकोणचाळीस. नंतरचे तिघे नव्हते. लवू घाडी नव्हता.

"बाकीची पानं बघते," रुचिका म्हणाली, आणि सहापर्यंत तिने बघितली. नव्हतीच. गणपतीनंतरचं सगळं त्या अकरा टक्क्यांखाली गेलं होतं.

"सॉरी, बाबा," कृणाल म्हणाला. नऊ वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दोन-चार वेळा मलाही लागू पडला असता.

दुसऱ्या दिवशी दसरा. आता रुचिकाने पेंग्विनला रीतसर आत घेतलं. खेळ विंडोजसाठी केलेला, घर पेंग्विनचं, म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवला. खेळ त्याच्या भाषेत मागतो, हा पेंग्विनला समजावतो. खेळ चालला. स्टिअरिंगने मात्र नवीन घरात पाय, म्हणजे खालचे ब्रेक आणि गॅस, उलटे धरले. तुळशीदासांनी ब्रेक दाबला तशी गाडी सुसाट सुटून टोलनाक्यात घुसली. कंपनीच्या इतिहासातला तो पहिला अपघात. "ह्यां तुझां फुकट!" ते कृणालवर ओरडले, आणि कृणाल म्हणाला, "बाबा, सेटिंग आहे ते, थांबा ना जरा!" आणि दोघं पुन्हा भांडू लागले, तेव्हा घर जागेवर आल्यासारखं वाटलं.

सेटिंग झाल्यावर तुळशीदासांनी गाडी बाजूला घेतली आणि नेमणुकीचं पान उघडलं. तीन परदेशी नावं खोडली. तीन नावं घातली. एका बोटाने, हळूहळू. मग लवू घाडीला निळा ट्रक दिला.

मित्रांनो, गिरणीतून गेलेला माणूस परत कामावर घेतलेला त्या घराने पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या सकाळी चौकट आली: हा ड्रायव्हर तोट्यात आहे, काढून टाकायचा का? तुळशीदासांनी 'नाही' दाबलं आणि शिवी दिली. दुभाष्याने तीही पोचवली असावी, कारण पेंग्विन क्षणभर थांबल्यासारखा वाटला.

पेंग्विन मला अजून आवडत नाही. तो प्रत्येक गोष्टीला पासवर्ड विचारतो, आणि माझ्याच घरात मला पाहुण्यासारखं वागवतो. विचारल्याशिवाय काही बदलत नाही, एवढं त्याच्या बाजूने बोलता येईल. कृणालही मला आवडत नाही. तुम्हीही आवडाल असं नाही. माझी निगा राखा, मला पुसा, माझ्यावर माया करा, असलं काही मी सांगणार नाही. नऊ वर्षांत केली नाहीत, आता काय करणार.

पण तुमच्या घरी कुणी जुन्या यंत्राकडे बोट दाखवून "हे काढून टाकूया" म्हणालं, तर हो म्हणण्याआधी एक काम करा. आत कोण कामाला आहे, ते विचारा.